कुत्र्याच्या पोटात विष गेलं तर: आमच्या चिंगीवरून शिकलेला क्रम

चिंगी ही आमची गावठी कुत्री. तेव्हा वय तीन वर्षं, वजन १४ किलो. दिवाळीची साफसफाई चालू होती. फ्रिज पुढे ओढला, तर मागे उंदराच्या औषधाचं फाटलेलं पाकीट पडलेलं आणि हिरवट निळा चुरा. तोच चुरा चिंगीच्या मिशांना. ती मात्र शेपटी हलवत उभी. "काही होत नाही, बघा कशी उड्या मारतेय," असं घरात एकमताने ठरलं. सासूबाईंनी दोन चमचे तूप पाजलं. रात्री ती जेवली, झोपली. दुसरा दिवस नेहमीसारखा गेला, तिसराही. चौथ्या दिवशी सकाळी तिला जिना चढवेना. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढऱ्याफटक, आणि पोटावर तळहाताएवढा काळानिळा डाग. आपल्याला मुका मार लागल्यावर पडतो तसा.

ती वाचली, पण आमच्या शहाणपणामुळे नाही. त्यानंतर मी डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले की ते मला पाहिलं की घड्याळ बघायला लागले. त्या सगळ्यातून जे हाती लागलं ते करायच्या क्रमाने लिहिते आहे. कुत्र्याने आत्ताच काही खाल्लं असेल तर थेट मुद्दा २ वर जा, बाकीचं नंतर वाचा.

१. आज, काही झालेलं नसताना

आपल्या भागात रात्री अकरानंतर प्राण्यांचा कोणता दवाखाना उघडा असतो, हे आजच शोधून ठेवा. पाटीवर "२४ तास" लिहिलेलं असतं म्हणून भरवसा ठेवू नका. एकदा रात्री फोन करून बघा. आमच्या जवळच्या दवाखान्याची पाटी तशीच होती आणि फोन वाजून वाजून बंद झाला. मुंबईत परळचं बाई साकरबाई रुग्णालय, म्हणजे जुन्या लोकांचं बैलघोडा हॉस्पिटल, बहुतेकांना माहीत असतं. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, पण दिवसाच्या वेळेत. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक फिरत्या पशुवैद्यकीय पथकांचा आहे. तो मुख्यतः गुराढोरांसाठी असला तरी आडगावात दुसरं काही नसेल तर फोन लावून बघायला हरकत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांकडे एएसपीसीए या प्राणिसंस्थेची प्राण्यांच्या विषबाधेसाठीची चोवीस तासांची फोनसेवा आहे. ते पैसे घेऊ शकतात, पण सल्ला लगेच मिळतो.

एका पिशवीत हे भरून दाराजवळ टांगून ठेवा:

- लसीकरणाचं पुस्तक, आणि त्यात कुत्र्याचं अलीकडचं वजन लिहिलेलं. घरच्या काट्यावर कुत्र्याला कडेवर घेऊन उभं राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा.
- तोंडाला बांधायचा मझल. नसेल तर सुती ओढणी. उलटी होत असताना, झटके येत असताना किंवा श्वास अडत असेल तर मात्र तोंड बांधायचं नाही.
- जुना मोठा टॉवेल, हातमोजे, झिपच्या दोन-तीन पिशव्या.
- सुई काढलेली मोठी सिरिंज. तोंड धुवायला उपयोगी पडते.
- चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी.

हायड्रोजन पेरॉक्साइड मी मुद्दाम यादीत घातलेलं नाही. का ते मुद्दा ४ मध्ये.

२. कुत्र्याला बाजूला घ्या, मग पुरावा गोळा करा

पहिली चूक इथेच होते. माणूस कुत्र्यावर ओरडतो, कुत्रं घाबरतं आणि तोंडातला घास पटकन गिळून टाकतं. आवाज न चढवता त्याला दुसऱ्या खोलीत न्या, दार लावा. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्यालाही. दोघांपैकी कोणी खाल्लं हे ठाऊक नसेल तर दोघांनीही खाल्लं असं धरायचं.

तोंडात काही शिल्लक दिसलं तर काढा. घशात बोटं खुपसू नका. मिशांना, पंजांना पावडर किंवा द्रव लागला असेल तर ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर ते चाटून आणखी पोटात घालेल. गोचिडाच्या औषधाची बाटली अंगावर सांडली असेल तर हातमोजे घालून साध्या साबणाने अंघोळच घाला.

आता पाकीट. फाटलेलं, लाळेने भिजलेलं, अर्धं खाल्लेलं, कसंही असो, उचलून पिशवीत भरा. उलटी झाली असेल तर तीही थोडी पिशवीत घ्या. आम्ही काय केलं? किळस वाटली म्हणून पाकीट घंटागाडीत टाकलं आणि फरशी फिनेलने पुसली. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "कोणतं औषध होतं?" आणि आम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघत बसलो.

३. फोन करा, आणि "औषध खाल्लं" असं म्हणू नका

आपल्या बोलण्यात विषालाही औषध म्हणतात. उंदराचं औषध, ढेकणाचं औषध, फवारणीचं औषध. फोनवर "कुत्र्याने औषध खाल्लं" म्हटलं की समोरच्याला वाटतं, रक्तदाबाची गोळी खाल्ली. पाकिटावरचं ब्रँडचं नाव सांगाच, पण त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं रसायनाचं नाव आणि टक्केवारी वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर फोटो पाठवा. मग हे सांगा:

काय खाल्लं. जास्तीत जास्त किती खाल्लं असेल (पाकिटात किती होतं वजा किती उरलं, घाबरून कमी सांगू नका). किती वाजता. कुत्र्याचं वजन, वय, आधीचा आजार. आत्ता कसं आहे.

"कधी" याचं उत्तर नक्की माहीत नसतं, तेव्हा शेवटचं ठीकठाक कधी पाहिलं ती वेळ सांगा. पोटातून विष बाहेर काढायचं असेल तर पहिला तास-दोन तासच खऱ्या कामाचे. म्हणून लक्षणं दिसायची वाट बघायची नाही. आमच्या घरी नेमकं तेच झालं: कुत्रं बरं दिसतंय, म्हणजे बरं आहे.

४. उलटी करवायची का? डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही

शेजारपाजारचे सगळे सल्ले याच पायरीवर येऊन आदळतात.

मिठाचं पाणी: नको. त्याने रक्तातलं सोडियम वाढून मेंदूला सूज येऊ शकते. विषापेक्षा मिठानेच कुत्रं जायचं.

दूध आणि तूप: नको. डांबरगोळ्या किंवा पिवळ्या फॉस्फरसची उंदराची पेस्ट असेल तर स्निग्ध पदार्थाबरोबर ते विष शरीरात उलट जास्त शोषलं जातं.

चुलीतला कोळसा कुटून: नको. विष शोषून घ्यायला दवाखान्यात देतात तो ॲक्टिव्हेटेड चारकोल वेगळा, आणि तोही सगळ्या विषांवर चालत नाही. ॲसिड, मद्य, झायलिटॉल (शुगर-फ्री पदार्थांतला गोडवा आणणारा घटक) यांवर त्याचा फारसा उपयोग नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड: इंटरनेटवर हा उपाय सर्रास सांगितलेला असतो, तो ३ टक्क्यांच्या द्रावणाचा. आपल्याकडे केमिस्टकडे मिळणाऱ्या बाटलीवर बऱ्याचदा "२० व्हॉल्यूम" लिहिलेलं असतं, म्हणजे सुमारे ६ टक्के, बरोबर दुप्पट. ३ टक्क्यांच्या द्रावणानेही पोटाच्या आतल्या अस्तराला इजा होते. दवाखाना दोन तास लांब आहे आणि डॉक्टर फोनवर स्वतः प्रमाण सांगतायत, एवढ्या एकाच परिस्थितीत त्याचा विचार करायचा. दवाखान्यात इंजेक्शन देऊन उलटी करवतात, ते केव्हाही बरं.

आणि काही वेळा उलटी करवायचीच नाही: टॉयलेट क्लीनर, ॲसिड, कॉस्टिक सोडा (जाताना अन्ननलिका भाजली, येताना पुन्हा भाजेल), रॉकेल, टर्पेंटाइन (फुप्फुसात जाईल), टोकदार वस्तू, कुत्रं सुस्त किंवा बेशुद्ध असेल, झटके येत असतील. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उलटीचा ठसका लागण्याचा धोका जास्त, त्यांच्या बाबतीत तर घरी काहीच नको.

५. कोणतं विष कसं वागतं

उंदराचं औषध हे एक नाव आहे, विषं वेगवेगळी. दुकानात साधारण तीन प्रकार दिसतात.

*केक किंवा वडी*, निळी, हिरवी किंवा लाल. आत बहुधा ब्रोमाडिओलोन, ०.००५ टक्के. हे रक्त गोठवणारे घटक तयार होऊ देत नाही. शरीरात आधीचा साठा असतो तोवर सगळं छान दिसतं. तो संपला की, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. चिंगीचं हेच झालं. याला उतारा आहे, व्हिटॅमिन के-१, आणि वेळेत दिला तर कुत्रं हमखास म्हणावं इतकं चांगलं वाचतं. पण केमिस्टकडे जाऊन नुसतं "व्हिटॅमिन के द्या" म्हणू नका. के-३ नावाचं इंजेक्शन हातात पडू शकतं. ते या विषावर काम करत नाही.

*काळपट राखाडी पावडर*, झिंक फॉस्फाइड. पिठाच्या किंवा भज्याच्या गोळ्यात घालून ठेवतात. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की फॉस्फिन वायू तयार होतो. याला उतारा नाही. इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे "पोटात काहीतरी आधार हवा" म्हणून पोळी खायला घालणं. खाल्लं की आम्ल वाढतं, आम्ल वाढलं की वायू वाढतो. आणि अशा कुत्र्याने गाडीत उलटी केली तर तो वायू तुमच्याही नाकात जातो. वास लसणासारखा किंवा सडलेल्या मासळीसारखा येतो. एसी बंद, खिडक्या सताड उघड्या, आणि दवाखान्यात शिरायच्या आधी त्यांना सांगा.

*ट्यूबमधली पेस्ट*, पिवळा फॉस्फरस. मधे एक-दोन दिवस बरं वाटतं आणि मग यकृत निकामी व्हायला लागतं. फसवं प्रकरण.

आता स्वयंपाकघर. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं. दर किलो वजनामागे साधारण २० मिलिग्रॅमला त्रास सुरू होतो, ६० च्या आसपास झटके येऊ शकतात. मिल्क चॉकलेटमध्ये ग्रॅमला सुमारे २ मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये ५ किंवा जास्त, कोको पावडरमध्ये त्याहून कितीतरी अधिक. हिशेब करून बघा: १० किलोच्या कुत्र्याला २०० मिलिग्रॅम म्हणजे मिल्क चॉकलेट १०० ग्रॅम, पण डार्क फक्त ४० ग्रॅम. लॅब्रॅडोरने मिल्क चॉकलेटचा एक तुकडा खाल्ला तर रात्र जागून काढायची गरज नाही. पॉमेरेनियनने बेकिंगच्या कोकोचा डबा पालथा केला तर गाडी काढा.

द्राक्षं, मनुका, बेदाणे यांचा असा हिशेब मांडता येत नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन ठणठणीत, दुसऱ्याची चार मनुकांनी मूत्रपिंडं धोक्यात. नाशिक-तासगावच्या लोकांना हे पटत नाही, "आमचं कुत्रं बागेतच वाढलंय" म्हणतात. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. हे आम्ल आपल्या चिंचेत भरपूर असतं, म्हणून आता मी चिंचेचा गोळाही बरणीत बंद ठेवते. शिऱ्यातला बेदाणा, खिरीतला मनुका, प्रसाद म्हणून दिलेला, सगळं यात आलं.

कांदा-लसणाचा परिणाम लगेच दिसत नाही. तांबड्या पेशी फुटतात, तीन-चार दिवसांनी लघवी कोकमाच्या सरबतासारखी होते, कुत्रं धापा टाकतं. १० किलोच्या कुत्र्याला एका वेळी ५० ग्रॅम कांदा, म्हणजे एक लहान कांदा, रक्तात बदल घडवायला पुरे होतो. शिजवल्याने विष जात नाही. रविवारचा मटणाचा रस्सा पोळीत कुस्करून घालणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

शुगर-फ्री च्युइंगम, काही पीनट बटर आणि टूथपेस्ट यांत झायलिटॉल असू शकतं. हे सगळ्यात घाईचं. रक्तातली साखर अर्ध्या-एक तासातही कोसळते.

माणसांच्या गोळ्यांबद्दल एकच. कुत्र्याचं अंग गरम लागलं म्हणून कोणी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन दिलं असेल, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०० ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्याला ताप नसतोच बऱ्याचदा.

बागेत कण्हेर, पिवळी कण्हेर (बिट्टी), एरंडाच्या बिया, धोतरा, गुंज आणि कुंडीतली सायकस. पावसाळ्यात भेक, म्हणजे विषारी बेडूक, तोंडात धरणारी कुत्री असतात. तोंडाला फेस आला तर तोंड खाली झुकवून, सिरिंजने बाजूने पाणी मारून बाहेरच्या बाजूला धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका. फवारणीच्या औषधाचा संशय असेल तर खुणा अशा: लाळेच्या धारा, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंग थरथर. त्यावर ॲट्रोपिन हा उतारा असतो, पण मिनिटं मोजावी लागतात.

६. वाटेत

एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मागे कुत्र्याजवळ बसायचं. स्कूटरवर पायाशी ठेवून नेऊ नका. झटका आला तर सांभाळता येत नाही. रिक्षावाला नकार देतो, तेव्हा आधी टॉवेल अंथरा आणि मग विचारा. मला तरी याचा उपयोग झाला.

दर पाच मिनिटांनी ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की पांढरा झालेला ठसा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. फिकट, निळसर किंवा विटेसारखी लाल दिसली तर फोनवर तसं सांगा, म्हणजे ते तयारीत राहतील. झटका आला तर तोंडात हात घालू नका. मोबाइलवर वेळ लावा, व्हिडिओ काढा.

७. दवाखान्यात

दारातच "विषबाधा" हा शब्द मोठ्याने म्हणा. लसीकरणाच्या रांगेत बसून राहू नका.

मग प्रश्न विचारा: पोट रिकामं करता येईल का, या विषाला उतारा आहे का, रक्ताची कोणती तपासणी, किती दिवस ठेवून घ्यावं लागेल, खर्च साधारण किती. खर्चाचं विचारताना संकोच वाटतो, पण आधी विचारलेलं बरं. आणि काहीही लपवू नका. घरी तूप पाजलं, मीठ घातलं, गावठी पाला दिला, सगळं सांगा.

चिंगीच्या वेळी रक्त गोठायची तपासणी केली. रक्त गोठतच नव्हतं. टोचल्या जागेवरचा कापूस पुन्हा पुन्हा लाल होत होता. डॉक्टर म्हणाले, "रक्त द्यावं लागेल. कुणाचा मोठा कुत्रा आहे का?" कुत्र्यांच्या रक्तपेढ्या मोजक्याच आहेत, त्यामुळे बहुतेक वेळा रक्तदाता आपल्यालाच शोधावा लागतो. २५ किलोच्या वरचा, तरुण, लसी पूर्ण झालेला, गोचीड-तापाचा इतिहास नसलेला. वरच्या मजल्यावरच्या काकांचा लॅब्रॅडोर ३४ किलोचा. लिफ्टमध्ये चिंगी त्याच्यावर दोन वर्षं गुरगुरत आली होती. काका त्याला घेऊन आले, त्याच्या मानेवरचे केस भादरले, आणि तो अर्धा तास टेबलावर बिस्किटं चघळत पडून राहिला. आपल्या ओळखीतल्या अशा दोन कुत्र्यांची नावं तुमच्या दाराजवळच्या पिशवीत लिहून ठेवा.

८. कुणी मुद्दाम घातलं असेल तर

सोसायट्यांमध्ये हे होतं, हे कबूल करायला हवं. एकाच दिवशी आवारातली दोन-तीन कुत्री आजारी पडली तर संशय घ्या. उरलेलं खाणं हात न लावता पिशवीत घ्या, जागेचे फोटो काढा, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग पुसलं जायच्या आत मागा. कुत्रं गेलं तर पुरण्याआधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदन करून घ्या. एकदा पुरल्यावर तक्रारीत दम राहत नाही. पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, दोन्हींचा उल्लेख लेखी अर्जात करा आणि अर्जाची पोच घ्या.

९. घरी आणल्यावर

विषानुसार पथ्य वेगळं, ते डॉक्टर सांगतील. केकच्या विषाचं मात्र मी सांगू शकते, कारण लोक इथेच गोळ्या सोडतात. चिंगी पाचव्या दिवशी उड्या मारायला लागली आणि मला वाटलं, झालं बरं. गोळ्या चार आठवड्यांच्या होत्या. हे विष शरीरात तेवढे दिवस रेंगाळतं, गोळी थांबली की रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. के-१ ची गोळी थोड्या स्निग्ध खाण्याबरोबर चांगली लागू पडते, म्हणजे सासूबाईंचं तूप अखेर कामाला आलं, फक्त डॉक्टरांना विचारून. त्या महिनाभरात पळापळ नाही, हाडं चघळणं नाही, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नाही. फ्रिजवर कागद चिकटवला आणि प्रत्येक गोळीला फुली मारली.

शेवटची गोळी झाली की प्रकरण संपत नाही. त्यानंतर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठायची तपासणी पुन्हा करायची, कारण गोळीचा आधार काढून घेतल्यावर शरीर स्वतःच्या बळावर काय करतं ते तेव्हाच कळतं. तारीख कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवा. आमची एका मंगळवारी होती. या वेळी सुई काढल्यावर कापूस दाबला, उचलला, आणि तो पांढराच राहिला.